चौदा दाण्यांचा बिघाड

वाईट आवाज चांगला काढणं हे मोठं जबाबदारीचं काम आहे. चांगला आवाज काय, कोणीही काढतो. दुकानात जायचं, पैसे मोजायचे, आवाज घरी आणायचा. पण ज्या आवाजाने शेजारीण खिडक्या लावून घेते, घरातल्या दुधाबद्दल शंका येते आणि विशीतला तरुण मात्र डोळे मिटून मान हलवतो, तो आवाज पैसे टाकून मिळत नाही. त्याला साधनांची गरिबी लागते, स्वभावाची चिकाटी लागते आणि एखाद्या तिऱ्हाइताची मदत लागते. जर्मनीतल्या आमच्या हेर्ने गावात हे सगळं एका तळघरात जुळून आलं. तिऱ्हाईत म्हणजे एक कबुतराची मादी होती.

थ्रॅश मेटल हा प्रकार ज्यांच्या कानावर आलेला नाही, त्यांच्या माहितीसाठी: यात गिटार असते, पण ती कोणी छेडत नाही, तिच्यावर कारवाई करतात. उजव्या हाताची कड तारांवर दाबून धरायची आणि हात फक्त वरून खाली, मिनिटाला सुमारे चारशे वेळा मारायचा. (खालून वर मारणाऱ्याकडे आमच्याकडे बिनतिकीट प्रवाशासारखं बघतात.) निघणारा आवाज खरखरीत, कोरडा आणि कच्चा असावा लागतो. १९८६ साली कोळशाच्या आमच्या पट्ट्यात या कच्चेपणाला फार मान होता. खाणी एकेक करून बंद पडत होत्या आणि तरुणांना काहीतरी खणायला हवंच होतं.

उवे पिएट्रेक हा त्यांपैकी एक. वय एकोणीस, नोकरी नगरपालिकेच्या दफनभूमीत माळ्याची. आपल्या गाण्यांतून तो मिनिटाला सरासरी चार प्रेतं थडग्याबाहेर काढत असे. नोकरीवर मात्र कोणा म्हातारीच्या नवऱ्याच्या थडग्यावरचं बेगोनियाचं रोप सुकलं तर त्याला जेवण जात नसे. बँडचं नाव होतं 'शाख्ट सात', म्हणजे खाणीची सातवी विहीर. (त्या खाणीला विहिरी पाचच होत्या, आकडा जरब बसवण्यासाठी वाढवला होता.) उवे गिटार वाजवायचा. ड्रमवर बेकरीतला बेर्न्ट होता, आणि बास वाजवून ओरडण्याचं काम ओलाफकडे होतं. ओलाफ विमा कंपनीच्या पत्रांवर तिकिटं चिकटवायचा आणि त्याच्याकडे ओरडण्यासारखं बरंच साठलेलं होतं.

उपलब्ध साधनसामग्री पुढीलप्रमाणे होती:

(१) गिटार, नग एक, टपालाने मागवलेली. कॅटलॉगमध्ये ती शिवणयंत्रांच्या शेजारच्या पानावर होती आणि दोन्हींची हमी सारखीच होती.

(२) तारा, नग सहा. पैकी जाड तीन वापरात. बारीक तीन सोलोसाठी राखीव. सोलो अद्याप शिकायचा होता.

(३) नखी, मार्गारिनच्या डब्याच्या झाकणातून कापलेली.

(४) टेपरेकॉर्डर, नग एक. रेकॉर्डचं बटण दाबून त्यावर पॉजचं बटण दाबलं की हे यंत्र काहीच रेकॉर्ड करत नाही, पण आत येणारा आवाज पार कोंडून, चिडवून बाहेर सोडतं.

(५) रेडिओ, नग एक, १९५७ चा, व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीतला. मागे रेकॉर्डप्लेअर जोडायची भोकं, पुढे आवाजाचा ढंग बदलणारी चार पांढरी बटणं: 'वाद्यवृंद', 'जाझ', 'एकल' आणि 'भाषण'.

टेपरेकॉर्डरमधून निघालेली गिटार या रेडिओत सोडायची आणि 'भाषण' दाबायचं, अशी ही पद्धत. वाद्यवृंदावर ती गुरगुरत नुसती लोळायची, जाझवर तिला सर्दी व्हायची. भाषणावर मात्र ती थेट अंगावर यायची. संसदेतली भाषणं नीट ऐकू यावीत म्हणून कोणा इंजिनिअरने ठेवलेली ही सोय होती आणि ती वाया गेली नाही असंच म्हणावं लागेल.

पण नुसत्या बटणाने काम भागलं नसतं. हा रेडिओ उवेच्या वडिलांनी, हाइन्ट्स पिएट्रेक यांनी, साखरपुड्याला घेतलेला. सतरा वर्षं बैठकीत काढल्यावर त्याची बदली माळ्यावरच्या कबुतरखान्यात झाली, कारण शर्यतीची कबुतरं हलक्याफुलक्या संगीताने आणि हवामानाच्या बातम्यांनी शांत राहतात. तिथे वाल्ट्राउट नावाची मादी होती. (नाव आईच्या थोरल्या बहिणीचं, साम्य नजरेत होतं.) हिने रेडिओच्या पुढचं कापड फाडलं, आतल्या स्पीकरचा कागद चोचीने सोलून घरट्याला नेला आणि उरलेल्या भागात आपला संसार थाटला. रेडिओचा घसा बसला. हाइन्ट्सने तो तळघरात 'दुरुस्तीसाठी' असं लिहिलेल्या फळीवर ठेवला, आणि उवेने एका मंगळवारी त्यात गिटार खुपसली.

त्या दिवशी निघालेल्या आवाजाबद्दल मतभेद आहेत. बेर्न्ट म्हणाला, "च्यायला, हे काहीतरी जिवंत आहे आत!" वरच्या मजल्यावरच्या फ्राउ (म्हणजे श्रीमती) ओस्ट्रोव्स्की यांनी झाडूच्या दांड्याने जमीन ठोकली. हाइन्ट्स जिन्यावरून एवढंच म्हणाला, "खाणीत असा आवाज आला असता ना, तर आम्ही सगळे पळत सुटलो असतो."

वसाहतीची नियमावली कडक होती. दुपारी एक ते तीन शांतता. रविवारी दिवसभर शांतता. शर्यतीच्या मोसमात कबुतरं सोडल्यापासून ती घरी उतरेपर्यंत विशेष शांतता, कारण आवाजाने बुजलेलं कबुतर छपरावर बसून राहतं आणि बक्षीस शेजाऱ्याला जातं. शिवाय तळघर कपडे धुण्याचं, त्यामुळे वारानुसार कुटुंबं ठरलेली. उरलेल्या वेळात, म्हणजे मंगळवारी आणि गुरुवारी तीन ते पाच, शाख्ट सातने चार गाण्यांची एक कॅसेट तयार केली. झाडूचा दांडा तिसऱ्या गाण्यात स्पष्ट ऐकू येतो आणि तो ड्रमपेक्षा तालात आहे.

कॅसेट डॉर्टमुंडच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीला पाठवली. तिथे हेर (म्हणजे श्रीयुत) ल्युडेके नावाचे गृहस्थ होते. त्यांनी आधी पंधरा वर्षं अकॉर्डियनचा व्यवसाय केला होता आणि आता काळाबरोबर चालायचं ठरवलं होतं. त्यांचं उत्तर आलं ते असं: 'आपल्या कॅसेटमधील गिटारचा आवाज आमच्या कार्यालयातील तिघांनाही अत्यंत अप्रिय वाटला. अभिनंदन. दि. १४ जून रोजी युवक केंद्रात सायंकाळी पाच वाजता तो प्रत्यक्ष ऐकण्यात येईल. आवाजात कोणतीही सुधारणा आढळल्यास रेकॉर्ड काढण्याचा प्रस्ताव रद्द समजावा.'

उवेने हे पत्र बत्तीस वेळा वाचलं. पुढचे दोन आठवडे तो दफनभूमीत शीळ घालत काम करायचा आणि त्याबद्दल त्याला समज देण्यात आली. रेकॉर्ड निघणार, तिच्या पाठीवर आपलं नाव छापून येणार, या विचारात तो बेगोनियांना दोनदा पाणी घालत होता. आणि सगळी भिस्त होती एका फाटक्या कागदावर.

आता हाइन्ट्सबद्दल सांगणं भाग आहे. एकतीस वर्षं त्याने खाणीत विजेच्या यंत्रांची देखभाल केली. मागल्या शरद ऋतूत, पन्नासाव्या वर्षी, छातीत कोळशाची धूळ आणि हातात मानपत्र देऊन त्याला घरी पाठवलं. घरी बसल्यापासून नऊ महिन्यांत त्याने त्रेचाळीस वस्तू दुरुस्त केल्या. त्यांपैकी अकरा बिघडलेल्या नव्हत्या. बिघडलेली वस्तू चालू ठेवणं त्याला उघड्या जखमेवर टोपी घालण्यासारखं वाटायचं. मुलाशी तो फारसा बोलत नसे, मुलगाही त्याच्याशी बोलत नसे, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

त्या आठवड्यात आईने जेवताना सहज सांगितलं, की शनिवारी उवे चारचौघांसमोर वाजवणार आहे, डॉर्टमुंडहून साहेब येणार आहेत. हाइन्ट्सने चमचा खाली ठेवला. बाप विजेचा कारागीर, आणि पोरगं लोकांसमोर फुटक्या रेडिओवर वाजवणार! हे एवढे दिवस आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

बुधवारी उवे कामावर असताना हाइन्ट्सने रेडिओ फळीवरून उतरवला.

गुरुवारी तीन वाजता शाख्ट सात तळघरात जमली. रेडिओची पेटी मेण लावून चकचकीत केलेली होती, पुढे नवं कापड होतं, स्टेशन जुळलं की उजळणारा हिरवा डोळा तजेलदार दिसत होता. उवेने गिटार जोडली. त्याने तार ओढली. आवाज असा निघाला की दातांच्या दवाखान्यात लावावा.

दारात हाइन्ट्स उभा होता. स्वच्छ शर्ट घालून.

"कसा?" त्याने विचारलं.

उवेने पुन्हा तार ओढली. पुन्हा तेच.

"बघ, आता एकेक सूर वेगळा ऐकू येतो," हाइन्ट्स म्हणाला. "आधी नुसता कालवा होता. स्पीकर अख्खा नवा टाकलाय. गेल्झेनकिर्शेनमध्ये एकाकडे मिळाला, त्याच सालातला. काय रे, गप्प का?"

"छान झालाय, बाबा," उवे म्हणाला.

"फारच छान," बेर्न्ट म्हणाला आणि ड्रममागे खाली वाकून बुटाची नाडी शोधू लागला.

हाइन्ट्स वर गेला. जिन्यावर तो गुणगुणत होता. एकतीस वर्षांत त्याला कोणी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

"उवे, लेका, आपण मेलो," ओलाफ म्हणाला. "सुधारणा दिसली की साहेब प्रस्ताव रद्द करणार, आणि ही बघ, ढळढळीत सुधारणा."

"जुना कागद कुठे असेल?" बेर्न्टने विचारलं.

जुना कागद बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी कॉफीसाठी शेगडी पेटवायला वापरला होता. कॉफी चांगली झाली होती असं आई म्हणाली. मग तिने आवाज खाली आणून आणखी एक गोष्ट सांगितली: तो स्पीकर विकायला गेल्झेनकिर्शेनचा माणूस तयार नव्हता. हाइन्ट्सने बदल्यात वाल्ट्राउटची दोन पिल्लं देऊन टाकली. पुढल्या वर्षीच्या शर्यतीसाठी राखलेली.

उवे जिन्याच्या पायरीवर बसला. त्याला रडू येत होतं, आणि नेमकं कशाचं येतंय ते ठरवता येत नव्हतं.

पुढच्या चोवीस तासांत आवाज पूर्वस्थितीत आणण्यासाठी जे प्रयत्न झाले त्यांची नोंद पुढीलप्रमाणे. बेर्न्टने फ्राउ ओस्ट्रोव्स्कींचा अडगळीतला रेडिओ मागून आणला आणि पाव कापायच्या सुरीने त्याचा स्पीकर फाडला. आवाज नुसता फाटका आला, कच्चा आला नाही. (फ्राउ ओस्ट्रोव्स्की यांनी रेडिओ देताना 'शेवटी शहाणे झालात' असे उद्गार काढले होते.) ओलाफने रेक्लिंगहाउझनच्या एका दंतवैद्याच्या मुलाकडून माणसाच्या उंचीचा अँप्लिफायर उसना आणला. त्यात सगळं काही होतं. आवाज मात्र श्रीमंत माणूस हॉटेलात रागावल्यासारखा: मोठा खरा, पण भीती कोणालाच वाटेना. शेवटी फ्राउ ओस्ट्रोव्स्कींचा तोच रेडिओ माळ्यावर नेऊन वाल्ट्राउटपुढे ठेवण्यात आला आणि तिला काम सुरू करण्याची विनंती केली गेली. पिल्लं गेल्यापासून ती कोणाशी संबंध ठेवत नव्हती. ती रेडिओकडे पाठ करून बसली आणि तशीच राहिली.

शुक्रवारी दुपारी उवेने स्क्रू-ड्रायव्हर घेतला. स्वतःच्याच रेडिओत खुपसायचा, विषय संपवायचा, असं ठरवून त्याने मागची फळी उघडली. आत स्पीकरच्या लोखंडी कड्याला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. 'तपासलं. ठीक आहे. ११. ६. ८६. हा. पिएट्रेक.'

उवेचा हात तिथेच थांबला.

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. खाणीखाली वायू असतो. यंत्रातून एक ठिणगी बाहेर पडली तर वर बायकामुलांना कळवायला पाद्री लागतो. म्हणून ज्याने यंत्र उघडलं त्यानेच ते मिटायचं, तपासायचं आणि सही करायची. ती चिठ्ठी असेपर्यंत दुसऱ्या कोणी त्या यंत्राला बोट लावायचं नाही. मुख्य अभियंत्यानेही नाही. ज्याची सही, त्यालाच उघडायचा अधिकार. हाइन्ट्सच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून एकतीस वर्षं माणसं खाली गेली आणि सगळी वर आली. आमच्या वसाहतीतल्या पोरांना हा नियम प्रार्थनेच्या आधी शिकवतात, आणि तो आम्ही पाव भाजायच्या यंत्रालाही लावतो. उवे केस खांद्याखाली वाढवून, छातीवर कवट्या लावून हिंडायचा. देव, सरकार आणि न्हावी या तिघांनाही तो मानत नव्हता. पण चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.

त्याने फळी बसवली, चारही स्क्रू घट्ट केले आणि तो नळी घेऊन बेगोनियांना पाणी घालायला निघून गेला.

शनिवारी पाच वाजता युवक केंद्राच्या सभागृहात एकसष्ट तिकिटं गेली होती. क्षमता एकशे ऐंशीची. मंडळी उभी होती, केस पुढे घेऊन तयार होती. हेर ल्युडेके भिंतीशी वही उघडून उभे होते. पहिल्या रांगेत एकच खुर्ची होती, कारण ती हाइन्ट्सने घरून आणली होती. अंगात त्याने लग्नं, अंत्यविधी आणि कबुतरांचे बक्षीस समारंभ यांसाठी ठेवलेला काळा सूट घातला होता. फ्राउ ओस्ट्रोव्स्की दाराशी होत्या. त्यांना हा आवाज एकदा खालून नव्हे तर समोरून ऐकायचा होता.

स्टेजवर रेडिओ ठेवला होता, त्याच्या पुढे केंद्राचा मायक्रोफोन. उवेने बापाकडे पाहिलं. बापाने मान डोलावली. उवेने हात खाली आणला.

सगळे सूर वेगवेगळे ऐकू आले.

ओलाफ थडग्यांबद्दल जिवाच्या आकांताने ओरडत होता आणि मागे गिटार त्याला चहा विचारत होती. अर्ध्या गाण्यात पुढच्या मंडळींच्या माना थांबल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, स्टेशन बदल!" दुसरा म्हणाला, "हवामान काय म्हणतंय?" हशा पिकला. हेर ल्युडेके यांनी पेनाला टोपण लावलं. उवे वाजवत राहिला. त्याचे कान तापून लाल झाले होते आणि तो खुर्चीकडे बघायचं टाळत होता.

पण हाइन्ट्स रेडिओकडे बघतच नव्हता, तो माणसांकडे बघत होता. बिघाड शोधण्यात त्याचा जन्म गेला होता. कुठेतरी काहीतरी बिघडलंय हे त्याला कळलं होतं. यंत्र तर त्याने स्वतः तपासलेलं. गाणं संपलं. टाळ्या वाजवण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही. तेव्हा त्याने शेजारच्या लांब केसवाल्याला विचारलं, "काय बिघडलंय हो?"

"काहीच बिघडलेलं नाही, आजोबा, तोच तर घोळ आहे!" तो म्हणाला. "आधी काय घाण वाजायचं माहितेय? तळघराच्या खिडकीशी उभं राहून ऐकलंय मी. अंगावर काटा यायचा. आता बघा, सगळं मुसळ केरात."

"घाण वाजायचं, ते बरं होतं?"

"बरं? एक नंबर होतं!"

हाइन्ट्सने वळून रेडिओकडे पाहिलं. मग उठला, खुर्ची उचलली आणि तिच्यावर पाय देऊन स्टेजवर चढला. सभागृहाला वाटलं, वीज कंपनीचा माणूस आला.

"उवे," तो म्हणाला, "तो बिघाड तुला हवा होता?"

"हो, बाबा."

"मग बोलला का नाहीस, गाढवा? परवा तोंड शिवलं होतं?"

"तुम्ही पिल्लं दिलीत," उवे म्हणाला. "आणि आत तुमची सही होती."

मायक्रोफोन चालू असल्यामुळे हे सगळ्यांनी ऐकलं. एकसष्टांपैकी निदान चाळीस जण खाणकामगारांची मुलं होती. सही हा शब्द येताच सभागृह एकदम शांत झालं. हाइन्ट्सने नाक शिंकरलं, रुमालाची घडी घातली आणि आधी रेडिओची पिन भिंतीतून काढली. (नियमाप्रमाणे.) मग कोटाच्या आतल्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, कारण त्याच्याशिवाय तो लग्नालाही जात नसे. फळी उघडली. चिठ्ठीवर एक आडवी रेघ ओढली.

"किती?" त्याने विचारलं.

"बोटभर. डावीकडून खाली. वाल्ट्राउटने तिथून सुरुवात केली होती."

"मला सांगतोस? मी बघत होतो तिला."

त्याने कागद फाडला. सुरीसारखा सरळ नाही. टोच्या मारत, थोडा ओढत, मधेच सोडत, जसा त्या मादीने फाडला होता. उवेने कान लावून हलकेच टिचकी मारली आणि मान हलवली. आवाज फाटका होता, पण तो नव्हता.

"थांब की," हाइन्ट्स म्हणाला. "काढले ते घालायला नकोत?"

आणि त्याने सुटाच्या खिशात हात घातला. त्या खिशात, बक्षीस समारंभांच्या कृपेने, कायम कबुतरांचं खाणं असे. मका आणि वाटाणा. बुधवारी साफसफाई करताना स्पीकरच्या तळातून त्याने काय काय काढलं ते सगळं मोजून लिहिलं होतं, कारण यंत्रातून काढलेली प्रत्येक वस्तू मोजायची असते. दाणे चौदा निघाले होते. नऊ मक्याचे, पाच वाटाण्याचे. हाच तो खडखडाट, जो बेर्न्टच्या सुरीला आणि दंतवैद्याच्या मुलाच्या अँप्लिफायरला सापडला नव्हता. हाइन्ट्सने दाणे मोठ्याने मोजत फाटक्या कागदात टाकले. अकराव्यापासून सगळं सभागृह त्याच्याबरोबर मोजत होतं.

फळी लावण्याआधी त्याने नवी चिठ्ठी लिहिली. 'बिघाड केला. तपासला. ठीक आहे. १४. ६. ८६. हा. पिएट्रेक.'

फळी बसवून त्याने पिन पुन्हा भिंतीत लावली. "मार आता," तो म्हणाला.

उवेने मारलं. फ्राउ ओस्ट्रोव्स्की यांचा हात आपोआप झाडू शोधू लागला. केंद्राच्या खिडक्यांच्या काचा चौकटीत बडबडू लागल्या, पुढच्या चाळीस माना एकदम खाली गेल्या, आणि हेर ल्युडेके यांनी पेनाचं टोपण उघडून वहीत मोठ्या अक्षरात 'अप्रिय' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. हाइन्ट्स खुर्चीवर जाऊन बसला. खाणीत असा आवाज आला असता तर तो पळत सुटला असता. इथे तो अडतीस मिनिटं हातावर हात ठेवून बसून राहिला. उवेला त्या अडतीस मिनिटांत जो आनंद झाला तसा पुढे कधी झाला नाही, स्वतःच्या लग्नातही नाही, आणि हे त्याची बायकोही जाणून आहे.

करार झाला. रेकॉर्ड डॉर्टमुंडच्या स्टुडिओत झाली. त्यानंतरचं काम तिथल्या ध्वनी-अभियंत्याकडे गेलं. तो अत्यंत कर्तव्यदक्ष गृहस्थ होता. टेप ऐकताना त्याला मागे बारीक खडखड जाणवली. तीन दिवस खपून त्याने ती यशस्वीरीत्या काढून टाकली, आणि त्याबद्दल जादा मोबदलाही मागितला नाही. रेकॉर्ड बाजारात आली ती दातांच्या दवाखान्यात लावण्यासारखी होती. तीन हजार एकशे प्रती खपल्या. पहिल्या कॅसेटची एकुलती एक प्रत हेर ल्युडेके यांनी तिच्यावर अकॉर्डियन रेकॉर्ड करून पुसली.

तळघरात मात्र पद्धत पडली. दर बुधवारी हाइन्ट्स रेडिओ दुरुस्त करायचा, कारण त्याला राहवत नसे. दर गुरुवारी तीनला पाच कमी असताना खाली येऊन तो बिघडवून द्यायचा, दाणे मोजायचा आणि सही करायचा. अशा दोनशे सहा चिठ्ठ्या उवेकडे आहेत. शेवटच्या काहींवरचं अक्षर थरथरलेलं आहे. हाइन्ट्स गेल्यानंतरच्या गुरुवारी उवेने स्वतः फळी उघडून पाहिली, आत दाणे चौदाच होते. त्याने फळी लावली आणि रेडिओ पुन्हा कधी वाजवला नाही.

म्हणजे तो आवाज आता कुठेही ऐकायला मिळत नाही. तरी त्याचे जाणकार वाढतच आहेत. कपान नावाचं एक दुकान आहे डुइसबुर्गला, ते गिटारला जोडायची 'हेर्ने ८६' नावाची एक पेटी विकतं. तिच्यात चौदा प्लास्टिकचे दाणे असतात आणि खडखड झाल्यास दोन वर्षं मोफत बदलून मिळते. त्या शनिवारी आपण सभागृहात होतो असं छातीवर हात ठेवून सांगणारे लोक, ताज्या मोजणीप्रमाणे, चार हजार दोनशे आहेत. प्रत्येकाला तो आवाज अगदी काल ऐकल्यासारखा आठवतो. तेव्हाच्या आवाजात काय दम होता आणि आताच्या पोरांना काय कळतंय, हेही ते सांगतात.

त्यांना हसायला हरकत नाही. फक्त एक शंका आहे. मघाशी दाणे पडले, हाइन्ट्स "मार आता" म्हणाला आणि उवेने हात खाली आणला, तेव्हा वाचणाऱ्याने मान हलवली. हलवली, नाही म्हणू नका. काय ऐकून हलवली? या कागदातून एक अक्षरही वाजलेलं नाही.

तेव्हा आपला क्रमांक चार हजार दोनशे एक. नोंद झाली आहे. तिकीट मागू नये, एकसष्टच फाडली होती.